अडवून धरलेले मरण



माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्या वेळेवर मरतात म्हणूनच शरीर धडधाकट राहते. जीर्ण किंवा बिघडलेली पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि आसपासच्या पेशी ते गिळून टाकतात. या शिस्तबद्ध मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी अ‍ॅपोप्टोसिस असे नाव दिले.

कर्करोगाची पेशी हे मरण चुकवते. एका प्रकारच्या लिम्फोमात १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ नावाचे प्रथिन भरमसाट तयार होते. या प्रथिनामुळे पेशींचे विभाजन वाढत असेल, असा अंदाज होता. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतील डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांना वेगळेच दिसले. बीसीएल-२ पेशीला मरू देत नव्हते.

कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टीच या शोधाने बदलली.

बहुतेक जुनी केमोथेरपी पेशीच्या डीएनएवर घाव घालते. घाव बसला की पी-५३ हे प्रथिन मरणाचा हुकूम सोडते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात काही रुग्णांच्या पेशींत १७ व्या गुणसूत्राचा नेमका तोच तुकडा गळालेला असतो, ज्यावर पी-५३ चे जनुक असते. तिथे केमोथेरपीचे फारसे चालत नाही. पण याच पेशींत बिम नावाचे मारक प्रथिन तयार असते, बीसीएल-२ ने ते धरून ठेवलेले असते. व्हेनेटोक्लॅक्स या औषधाची गोळी बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसते आणि बिम सुटते. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रे पडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येते, कॅस्पेज ही विकरे पेशीची आतून चिरफाड करतात. पी-५३ ची वाट पाहावी लागत नाही.

आजार उलटलेल्या ११६ रुग्णांवरील या औषधाच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ७९ टक्के रुग्णांना गुण आला. ज्यांच्यापुढे फारसे उपाय उरले नव्हते त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

परंतु पेशी फार झपाट्याने मेल्या तर त्यांतील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल एकदम रक्तात उतरते. मूत्रपिंडे बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या चाचणीत, मात्रा ठरवण्याच्या टप्प्यात, यामुळे एक रुग्ण दगावला. म्हणून या आजारात आता गोळी २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि पाचव्या आठवड्यात ४०० पर्यंत नेतात. या काळात भरपूर पाणी प्यावे, ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये. बुरशीवरील काही औषधे आणि काही अँटिबायोटिक्स व्हेनेटोक्लॅक्सचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढवतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी कोणतीही गोळी घेऊ नये.