खेळातले नाणे



नाण्याचे भाषांतर हा विषय दिसतो तितका पोरखेळ नाही. १९९६ साली जपानात ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम निघाला. त्यात जखमेवरचे साधे औषध ३०० येनला मिळते आणि सायकल १० लाख येनला! येन जपानी मुलाच्या रोजच्या व्यवहारातला. औषधाचा भाव त्याला रास्त वाटतो, सायकलचा ऐकून तो हसतो. १९९८ साली खेळ इंग्रजीत अमेरिकेस गेला. येनच्या जागी ‘पी’ अक्षरावर रेघा मारलेले नवे चिन्ह आले. आकडे मात्र तेच राहिले. ते चिन्ह डॉलरचे समजणाऱ्या मुलाला औषधच ३०० डॉलरचे झाले.

मग आकडे का बदलू नयेत? खेळाडूच्या थैलीत ९,९९,९९९ हून अधिक पैसा मावत नाही. म्हणूनच सायकल विकत घेता येत नाही, ती कूपनावर मिळवावी लागते. किमतीतले एक शून्य पुसले, की विनोदही गेला आणि कूपनाची गरजही सरली.

१९८६ च्या ‘झेल्डा’त नाण्याचे नाव ‘रुपी’. इंग्रजीतही तेच राहिले. अमेरिकन मुलाच्या खिशात रुपया नसतो. त्याची किंमत तो खेळातल्या दुकानांतूनच शिकतो. हाच खेळ मराठीत आणून आम्ही त्याला ‘रुपया’ म्हटले, तर प्रत्येक भाव आपल्या बाजाराशी ताडला जाईल.

तेव्हा आम्हांस वाटते, भाषांतरकाराने मूळ शब्दाइतकाच ऐकणाऱ्याचा खिसाही तपासावा.