सेवाभाव आणि जबाबदारी : फिजिओथेरपी केंद्रांसाठी व्यावसायिक विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या मार्गदर्शनपर भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून एका कार्यकर्त्याने मला विचारले, "ताई, विम्यावर बोलायला एखादा एजंट का नाही बोलावला?" प्रश्न रास्त आहे. मी विमा विकत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे भौतिकोपचार करणारी. पण विमा नसला की काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. आपल्या वस्तीतील काही मुले-मुली आज हाच अभ्यासक्रम शिकत आहेत. उद्या ती आपापली क्लिनिक उघडतील. मंडळही फिजिओथेरपी केंद्र सुरू करण्याच्या विचारात आहे. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

प्रथम माझीच गोष्ट सांगते. माझे वडील महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडातून त्यांनी मला २०११ साली क्लिनिक टाकून दिले. भाड्याचा एक गाळा, दोन खाटा, शेकण्याच्या पॅकची टाकी, एक विजेचे उपचारयंत्र आणि भिंतीवर एक शिडी, एवढाच संसार होता. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी घेतली. दोन वर्षे काहीच घडले नाही. तिसऱ्या वर्षी मी विचार केला, पैसे फुकट जातात, तेवढाच हप्ता वाचवू. पॉलिसी बंद पडली.

२०१४ च्या पावसाळ्यात टाचदुखीसाठी एक काका येऊ लागले. एका सोसायटीत रखवालदार होते, मधुमेह जुना होता. त्या दिवशी मी शेजारच्या खाटेवर पक्षाघाताच्या रुग्णाला उभे करत होते. मदतनीस मुलीने काकांच्या पायाला शेक लावला. थोड्या वेळाने काका म्हणाले, "ताई, काहीच गरम लागत नाही, अजून थोडा वेळ राहू दे." मी म्हटले, "राहू दे."

मित्रहो, विद्यार्थ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. मधुमेहाच्या रुग्णाला शेक गरम लागत नाही, याचा अर्थ शेक कमी आहे असा नसतो. पायाची संवेदना गेली आहे, असा असू शकतो. टाकीतले पाणी साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसवर असते. म्हणूनच पॅकभोवती टॉवेलचे सहा ते आठ थर ठेवतात. त्या दिवशी थर कमी होते आणि संवेदनेची चाचणी मी केलेली नव्हती. संध्याकाळी फोड आले, पुढे जखम चिघळली. ती भरायला चार महिने लागले. काकांची नोकरी गेली.

काका काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली. मला राग आला नाही, कारण चूक माझी होती. तडजोड झाली, पण पैसे देणार कुठून? वडिलांच्या फंडातले जे उरले होते ते दिले, बाकीचे हप्त्यांनी फेडले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा चौदा महिने झाले होते. काकांना पैसे हवे होते पहिल्या महिन्यात, घरभाड्याला आणि ड्रेसिंगला. मी हप्ता वाचवला होता तो माझा नव्हता, त्यांचा होता, हे मला तेव्हा उमगले. आज मला एवढेच सांगायचे आहे : हा विमा रुग्णापासून बचाव करण्यासाठी आहे असे समजू नका. आपल्या हातून इजा झालेल्या माणसाला वेळेवर भरपाई मिळेल, याची ती तजवीज आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वैद्यकीय उपचार येतात की नाही, यावर बराच वाद होता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात निकाल दिला, की पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे. पुढे २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता रुग्ण स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. वकील लावण्याची सक्ती नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि योग्य कारण असेल तर आयोग उशीरही माफ करू शकतो. गरीब माणसाच्या हातात आलेले हे चांगले साधन आहे. आपणही अनेकदा रुग्ण असतो, हे विसरू नये.

मंडळाच्या दृष्टीने याच १९९५ च्या निकालातील एक भाग फार महत्त्वाचा आहे. जेथे प्रत्येकाला सर्व उपचार मोफत दिले जातात, ते केंद्र या कायद्याच्या बाहेर राहते. केवळ नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतले तरी फरक पडत नाही. पण काही रुग्णांकडून पैसे घेतले आणि काहींना मोफत तपासले, तर मोफत तपासलेला रुग्णही ग्राहक ठरतो. म्हणजे ऐपत असणाऱ्यांकडून शंभर रुपये आणि बाकीच्यांना फुकट, असा जो आपला विचार चालला आहे, तो सुरू होताच संपूर्ण केंद्र कायद्याच्या कक्षेत येईल. आणि सर्वांना मोफत ठेवले तरी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा रुग्णाला उघडाच असतो. 'आम्ही समाजसेवा करतो' हे उत्तर भाजलेल्या पायाला पुरत नाही.

दुसरी गोष्ट मदतनीसांची. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका खासगी रुग्णालयाचे प्रकरण होते. परिचारिकेने दिलेल्या इंजेक्शनामुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. बालकासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. हाताखालच्या माणसाची चूक ही संस्थेची चूक धरली जाते. माझ्या क्लिनिकमध्ये शेक मुलीने लावला होता, पण जबाबदार मीच होते.

आता पॉलिसीकडे येऊ. व्यक्तीसाठी वेगळी आणि संस्थेसाठी वेगळी अशा दोन प्रकारच्या पॉलिसी मिळतात. एकट्याचे क्लिनिक असेल तर पहिली. चार जण काम करत असतील, शिकाऊ विद्यार्थी येत असतील, तर दुसरी विचारावी. प्रस्ताव अर्जात कोण काम करते, कोणती यंत्रे आहेत, घरी जाऊन उपचार करता का, हे सर्व खरे लिहावे. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि तिथेच दावा अडतो.

पॉलिसी वाचताना चार गोष्टींवर बोट ठेवा.

पहिली, दाव्याची तारीख. ही पॉलिसी बहुधा 'दावा केव्हा आला' यावर चालते, 'घटना केव्हा घडली' यावर नव्हे. उदाहरण घ्या. २०२१ मध्ये उपचार झाला आणि नोटीस २०२३ मध्ये आली. तर २०२३ मध्ये पॉलिसी चालू असली पाहिजे, आणि २०२१ ची घटना पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असली पाहिजे. मधले एक वर्ष खंड पडला तर नवी पॉलिसी नव्या तारखेपासून धरली जाऊ शकते आणि मागचे संरक्षण जाते. म्हणून खंड पडू देऊ नका. क्लिनिक बंद केले तरी नंतरच्या दाव्यांचे काय, हे कंपनीला लेखी विचारून घ्या.

दुसरी, रकमेचे गुणोत्तर. वर्षभराची मर्यादा वीस लाख आणि प्रमाण एकास चार असेल, तर एका घटनेला पाच लाखच मिळतात. अनेकांना वीस लाख मिळतील असे वाटत असते. वकिलाचा खर्च याच रकमेतून जातो का, आणि प्रत्येक दाव्यात सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची, हेही पाहावे.

तिसरी, काय मिळत नाही. दंड, गुन्हेगारी कृत्य, नशेत केलेला उपचार, आपल्या पात्रतेबाहेरचे काम हे सर्वसाधारणपणे वगळलेले असते. ओल्या फरशीवर पाय घसरून रुग्णाचा नातेवाईक पडला, तर ती उपचारातली चूक नव्हे. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा लागतो. एका पॉलिसीत सगळे येते, असे धरून चालू नका.

चौथी, कळवण्याची अट. नोटीस येताच, किंबहुना इजा झाल्याचे कळताच, कंपनीला लेखी कळवा. कंपनीला न विचारता भरपाईचे लेखी आश्वासन देऊ नका. पण याचा अर्थ रुग्णाशी बोलणे बंद करा असा नाही. त्याची विचारपूस करा, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, काय घडले ते खरे सांगा. लाजेने तोंड लपवणारा माणूस रुग्णालाही दुखावतो आणि स्वतःचेही नुकसान करून घेतो.

शिक्षेविषयीही सांगते, कारण विमा तुरुंगात आपल्याऐवजी जात नाही. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. मात्र तेथे नोंदणीकृत म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. आपली नावे त्या नोंदवहीत नसतात. आपल्या व्यवसायासाठी महाराष्ट्राने २००२ चा कायदा केला, आणि २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा केला, त्यात फिजिओथेरपी आहे. आपली नोंदणी त्या मार्गाने वेळेवर करून ठेवा. पॉलिसीचा पायाही तीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, विमा ही शेवटची भिंत आहे. पहिली भिंत तुमच्या हातात आहे आणि तिला फारसा खर्च नाही. शेक देण्यापूर्वी एका नळीत कोमट आणि एका नळीत थंड पाणी घेऊन, रुग्णाला डोळे मिटायला सांगून संवेदना तपासा. डायथर्मी लावण्यापूर्वी छातीत पेसमेकर आहे का, हाडात धातूची पट्टी आहे का, हे विचारा. पोटरी सुजली असेल, दुखत असेल, तर मालिश करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा. नुकते जुळलेले हाड जोर लावून वाकवू नका. आणि जे विचारले, जे तपासले, ते त्याच दिवशी केसपेपरवर लिहा. संमती रुग्णाला कळेल अशा मराठीत घ्या, केवळ सहीपुरती नको. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की पुरेशी माहिती दिल्यावरच संमतीला अर्थ असतो. आयोगापुढे तोंडाचे शब्द कमी पडतात, कागद बोलतो. माझ्या केसपेपरवर त्या दिवशी एकच शब्द होता, 'शेक'.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. केंद्र सुरू करताना यंत्रांच्या आणि खाटांच्या खर्चाबरोबर संस्थेच्या विम्याचा हप्ता अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरावा. त्याच्या नूतनीकरणाची जबाबदारी एका पदाधिकाऱ्याच्या नावावर ठेवावी, आणि तारीख सूचनाफलकावर लिहावी. देणगीदार खाटेवर आपल्या आईवडिलांचे नाव घालायला तयार असतात. विम्याच्या हप्त्यावर कुणाचे नाव कोरता येत नाही. तरीही ज्याला दान द्यायचे आहे, त्याने ते द्यावे, कारण एखाद्या रखवालदाराच्या घरची चूल त्यातूनच पेटती राहील.

आपल्यातील बहुतेक मुले घरातील पहिलीच व्यावसायिक पिढी आहेत. मागे जमीन नाही, दुकान नाही. आईवडिलांचा फंड हीच पुंजी. एका चुकीने ती जाऊ नये, आणि त्या चुकीचा भार आपल्यासारख्याच गरिबाने उचलू नये. दोन्ही गोष्टी एकाच कागदाने साधतात.

ते काका आता थकले आहेत. अधूनमधून माझ्या क्लिनिकवर येतात, बाकावर बसतात, चहा घेतात. गेल्या महिन्यात एक मुलगी नव्याने कामाला लागली. ती एका आजींना शेक लावत होती. काका बाकावरून म्हणाले, "पोरी, आधी नळ्या लाव." तिने नळ्या लावल्या.