व्होल्ट, अँपिअर आणि एक जळका प्लग



वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहास रंगतो, काव्य रंगते. आम्ही मात्र आज गुणाकार-भागाकार घेऊन उभे आहोत. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण या गणिताची गरज आम्हांला पुस्तकात नव्हे, आमच्याच न्हाणीघरात पटली.

काही वर्षांपूर्वी पाणी तापवायचा एक रॉड आम्ही घरी आणला. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट असे स्वच्छ छापलेले होते. भिंतीतले मोठे सॉकेट बिघडलेले, म्हणून वायरमनने ‘चालतंय हो!’ म्हणत त्याला लहान, ६ अँपिअरचा प्लग बसवून दिला. फ्यूज दोनदा वितळला, तेव्हा त्याच गृहस्थांनी त्यात जाड तार भरली. आम्हीही खूष झालो. एके दिवशी सकाळी जळका वास आला. पाहतो तो प्लग वितळून सॉकेटला चिकटलेला, आणि नात दोन हातांवर बादलीपाशी उभी! तिच्या आजीने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून निभावले.

आता हिशेब पाहू. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. म्हणून २००० ला २३० ने भागा. येतात सुमारे ८.७ अँपिअर. प्लग ६ चा! फ्यूज दोनदा खरे बोलला होता, आणि आम्ही त्याचेच तोंड बंद केले. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो: २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.५ ओहम. हा झाला रॉडमधल्या तारेचा रोध.

हा भागाकार आज शाळकरी पोर करते. पण तो जर्मनीतल्या एका शिक्षकाने कष्टाने मिळवला. गेऑर्ग ओहम १७८९ साली एर्लांगेन येथे जन्मले. वडील कुलपे बनविणारे. कोलोनच्या शाळेत शिकवीत असताना त्यांनी निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा घेऊन प्रवाह मोजला. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहीना, तेव्हा त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे करून एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि त्या स्थिर दाबावर प्रयोग केले. १८२७ साली ग्रंथ निघाला. मायदेशी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले ते १८४१ साली. त्यांच्याआधी इंग्लंडात कॅव्हेंडिशने स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यावरून प्रवाह जोखून जवळपास हाच नियम ताडला होता. पण त्याने तो छापलाच नाही. असले प्रवाहमापक यंत्र कोणी घरी वापरू नये, एवढे सांगून पुढे जातो.

आमचा प्लग का वितळला? सैल पिनेपाशीही रोध असतो. तो अवघा अर्धा ओहम धरा. आता एकूण रोध २७ च्या आसपास. प्रवाह सुमारे ८.५ अँपिअर. उष्णता काढायची तर प्रवाहाचा वर्ग करून रोधाने गुणायचे: साडेआठाचा वर्ग ७२ च्या घरात, त्याचा अर्धा ३६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणारा ज्याने डाख देतो, ते सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचे असते. ते प्लास्टिकच्या पोटात खुपसून ठेवल्यावर दुसरे काय होणार?

आणि यातली खरी मेख ऐका. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढला नाही, उलट किंचित कमी झाला. फ्यूज पाहतो फक्त प्रवाह. म्हणजे १६ अँपिअरचे योग्य सॉकेट आणि योग्य फ्यूज असला, तरी असल्या सांध्याबद्दल तो चकार शब्द काढणार नाही. तिथे आपला हातच मापक: काम झाले की बटण बंद करून प्लगच्या बाहेरच्या अंगाला हात लावावा. चटका बसला, तर सॉकेट बदलायची वेळ झाली.

हाच हिशेब उलटाही उपयोगी पडतो. लाइनीच्या टोकाच्या गावी दाब १८० व्होल्टवर आला, तर रॉड काही २००० वॅट देत नाही. रोध तोच, म्हणून १८० चा वर्ग भागिले २६.५: सुमारे १२२० वॅट. पंधरा लिटर पाणी २० अंशांनी तापायला जिथे साडेदहा मिनिटे पुरत, तिथे सतरा लागतात. रॉड बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी दाब मोजावा.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या ६० वॅटच्या दिव्याचा चालू असतानाचा रोध सुमारे ८८० ओहम येतो. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मीटरने मोजा, याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. तार तापली की रोध वाढतो. मोटारपंपाचीही तऱ्हा वेगळी: तिथे व्होल्ट-अँपिअरचा सरळ गुणाकार खऱ्या शक्तीपेक्षा जास्त येतो, कारण प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. तो विषय आजच्या वेळेत मावणारा नाही.

तो वितळलेला प्लग आम्ही मुद्दाम बरोबर आणला आहे. इथे टेबलावर ठेवतो; जाताना पाहून जावे.