पित्ताची पिशवी काढली, तरी पित्त कसं?

(तुळजापूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वस्तीवरच्या पेशंटला दवाखान्यात नेणे आणि घरी आल्यावर त्याची विचारपूस करणे, हे माझे काम. त्या कामातलेच आज बोलते.

आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा आंबट ढेकर, डोकेदुखी एवढेच मनात असते. डॉक्टरांचे पित्त वेगळे. तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो पिशवीत, म्हणजे पित्ताशयात साठतो आणि नळीतून आतड्यात उतरतो. खड्यांचा त्रास वाढला की ही पिशवी काढतात, आता बहुधा दुर्बिणीने. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये हे ऑपरेशन भारतात सुरू केले. तीन-चार बारीक छिद्रे, आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी. म्हणूनच पुढचे काही घडले तर ते घरीच घडते.

आमच्या पारधी वस्तीवरच्या एका बाईचे असेच झाले. ऊसतोडीची उचल घेतलेली, टोळी निघायच्या बेतात. चौथ्या दिवशी पोट फुगले, दुखणे वाढले, अंगात ताप. घरच्यांनी सोडा पाजला. सासू मला म्हणाली, “ताई, पित्ताची पिशवी काढली, तरी पित्त कसं?”

प्रश्न अगदी रास्त होता. पिशवी गेली तरी यकृत पित्त करतच राहते. पिशवीची नळी क्लिपा लावून बंद केलेली असते. क्वचित, शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना, तिथून किंवा यकृतालगतच्या बारीक नळीतून पित्त पोटात झिरपते. कधी मुख्य नळीलाच इजा झालेली असते. ते सर्वांत गंभीर, त्याला यकृताच्या तज्ज्ञ सर्जनकडेच न्यावे लागते.

बाईला आम्ही त्याच दिवशी परत नेले. सोनोग्राफीत यकृताखाली पाणी दिसले. बाहेरून नळी घातली तर पित्तच आले. मग सोलापूरला ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. पित्ताला आतड्याकडे सोपी वाट मिळाली की गळती आपोआप सुकते. पण स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढावाच लागतो. राहिला तर तुंबतो, ताप आणि कावीळ होते. बाई वाचली. त्या हंगामाला मात्र कोयता मोडला आणि उचल आजही अंगावर आहे.

पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. त्याला घाबरू नका. माणूस रोज थोडा बरा दिसला पाहिजे. दुखणे वाढले, पोट फुगले, ताप, उलट्या, डोळे पिवळे, छिद्रातून हिरवट पाणी, यांतले काहीही दिसले तर सोडा नको, काढा नको. डिस्चार्ज कार्ड घ्या, १०८ ला फोन करा. खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा. रेशनकार्ड असेल तर सोबत घ्या. कित्येक पारधी कुटुंबांकडे ते नाही, म्हणून आधी तेच काम हाती घ्या.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. तुमच्या वस्तीवर कुणाचे ऑपरेशन झाले असेल, कुणाचा स्टेंट काढायचा असेल, तर नाव, तारीख आणि मुकादमाचा नंबर मला आणून द्या. फडावर फोन करायचे काम माझे.