शनिवारची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात जपानमधील शाळांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु दुसऱ्याच्या घरातील आरशात कधी कधी आपलाच चेहरा अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून हा विषय निवडला.

जपानमध्ये उच्च शिक्षणसुद्धा प्रामुख्याने जपानी भाषेतूनच चालते. तरीही इंग्रजीची ओढ तेथे थोडी नाही. शाळेतील इंग्रजी दीर्घकाळ व्याकरण, भाषांतर आणि परीक्षा यांतच अडकून राहिले. बोलता मात्र येत नाही, ही खंत घरोघर होती. या खंतीतून ‘एइकाइवा’, म्हणजे इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग, गावोगावच्या रेल्वे स्थानकांसमोर उभे राहिले. त्यांतील सर्वांत मोठी संस्था ‘नोव्हा’. विद्यार्थ्यांकडून आगाऊ शुल्क घेऊन तिने शाखांमागून शाखा काढल्या आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तिचे दिवाळे निघाले. हजारो परदेशी शिक्षक वेतनाविना राहिले, तर असंख्य विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. पुढे २०२० पासून शासनाने पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय केला.

दुसरा प्रवाह आंतरराष्ट्रीय शाळांचा. योकोहामा येथील सेंट मॉर ही शाळा १८७२ पासूनची आहे. मात्र अशा अनेक शाळा १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात बसत नाहीत. जपानी नागरिकाने आपले मूल तेथे घातले, तर सक्तीच्या शिक्षणाची अट पुरी झाली असे मानले जात नाही. संगणक-अभियंते म्हणून गेलेल्या आपल्या बांधवांनाही हा प्रश्न पडला. मूल जपानी शाळेत घालावे, तर परतल्यावर येथील अभ्यासक्रम कसा पेलावा? त्यातून २००४ मध्ये टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाची शाळा निघाली.

परंतु मला सर्वाधिक मोलाची वाटते ती तिसरीच गोष्ट. नोकरीनिमित्त परदेशी राहून परतलेल्या मुलांना जपानीत ‘किकोकुशिजो’ म्हणतात. ती परत आली की त्यांचे जपानी कच्चे आणि वागणे परके ठरे. त्यांची सोय व्हावी या हेतूने टोकियोत १९७८ मध्ये एक स्वतंत्र माध्यमिक विद्यालयही निघाले. शिवाय परदेशांतील जपानी मंडळींनी शनिवारच्या शाळा चालविल्या. आठवडाभर मूल स्थानिक शाळेत; शनिवारी मात्र जपानी वाचन, लेखन आणि गणित. व्यवस्था पाहतात पालक; पाठ्यपुस्तके जपान सरकार विनामूल्य देते.

आता थोडे घरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. मुलीचे शिक्षण हिंदी-इंग्रजीतून उत्तम झाले. मराठी ती बोलते. वाचता येत नाही. माझ्या आईच्या निधनानंतर तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. त्यात प्रत्येक नातवंडासाठी तिने चार-चार पाने लिहिली होती. मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, आजीने मला काय लिहिलंय, ते वाचून दाखवता?” मी वाचून दाखविले. पण आजीने ते तिच्यासाठी लिहिले होते. माझ्या तोंडून ऐकण्यासाठी नव्हे. दोष शाळेचा नाही. शनिवार माझ्याही घरी येत होता.

इंग्रजी आपल्या मुलांना मिळेलच. तिच्यामागे बाजार आणि शासन दोन्ही उभे आहेत. परमुलखातील मराठीमागे मात्र आपल्याखेरीज कोणी उभे नाही. गणेशोत्सव आणि नाटके आपण पन्नास वर्षे निष्ठेने केली. त्यांतून मूल मराठी ऐकते, पण अक्षर ओळखत नाही.

म्हणून एक विनंती. मंडळाच्या ग्रंथालयाची खोली शनिवारी सकाळी रिकामी असते. एक फळा आणि चार सतरंज्या एवढे पुरे. पहिले सहा महिने शिकविण्याचे काम मी पत्करतो. पहिल्या बाकावर माझी मुलगी बसेल. तिने तसे कबूल केले आहे.