कृषिशिक्षणातील श्रवणसाधने : अडचणी आणि उपाय

(गोरेगाव, जि. हिंगोली, येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या या परिसरातील बहुतेक कुटुंबे सोयाबीन, तूर आणि हळद यांवर जगतात. अशा घरांतील मुले-मुली आता कृषिपदवीसाठी परभणीस जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. १९७२ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठास आज वसंतराव नाईक यांचे नाव आहे. या मुलांनी शेतीचे पहिले धडे वडीलधाऱ्यांकडून ऐकूनच घेतलेले असतात. तरीही उच्च शिक्षणात श्रवणसाधनांना गौण स्थान मिळते. असे का व्हावे, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ऐकून शेतीचे ज्ञान वाढते, याचा पुरावा आपल्या भाषेच्या प्रदेशातच आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूरथ यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, केवळ नभोवाणीसंच असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ अधिक झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपण या प्रयोगाबाहेर राहिलो.

मग अडचणी कोणत्या? पहिली मनाची. ऐकणे म्हणजे करमणूक आणि वाचणे म्हणजे अभ्यास, अशी आपली समजूत आहे. शिवाय परीक्षा लेखी असते.

दुसरी अडचण भाषेची, आणि तीच सर्वांत मोठी. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते. हळदीची कंदकूज ज्या मुलाने घरच्या वाफ्यात पाहिली, त्यालाच वर्गात तिचे इंग्रजी वर्णन परके वाटते. इंग्रजी व्याख्यान केवळ ध्वनिमुद्रित केल्याने हा परकेपणा जात नाही. मराठीत विवरण आणि सोबत इंग्रजी संज्ञा, असे पाठ हवेत.

तिसरी अडचण असे पाठ सिद्ध करण्याची. वर्गातील तासभराचे भाषण जसेच्या तसे मुद्रित केले, तर ते कंटाळवाणे होते. त्यासाठी संहिता निराळी लिहावी लागते. ते कष्ट करणाऱ्या अध्यापकास शोधनिबंधाइतका मान मिळत नाही.

चौथी अडचण या साधनाच्या मर्यादेची. कीड डोळ्यांनीच ओळखावी लागते. औषधाचे प्रमाण ऐकण्यात चुकले, तर पीक हातचे जाते. ज्याला ऐकू येत नाही, अशा विद्यार्थ्याचाही विचार केला पाहिजे. म्हणून प्रत्येक पाठासोबत आकडे आणि चित्रे असलेला छापील कागद असलाच पाहिजे.

यंत्रांची अडचण त्या मानाने लहान आहे. भ्रमणध्वनी घरोघरी आहे; पाठ एकदा उतरवून घेतला की पुढे जाळ्याची गरज उरत नाही. २००६ च्या धोरणानुसार कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभाही आहे. मात्र त्याचा आवाज थोड्याच मैलांपर्यंत पोहोचतो.

बंधुभगिनींनो, सर्व काही विद्यापीठाने करावे, असे म्हणून आपण स्वस्थ बसणे योग्य नव्हे. आपल्यातील कृषी पदवीधरांनी प्रथम वर्षाच्या अवघड विषयांवर निदान दहा छोटे मराठी पाठ बोलून द्यावेत. ते प्राध्यापकांकडून तपासून घ्यावेत. मुद्रणाचा आणि छपाईचा खर्च मंडळाने उचलावा. पुण्याच्या प्रयोगाचे सार ध्यानी घेऊन, सुटीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते एकत्र ऐकून त्यांवर चर्चा करावी. हे पाठ आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता गावातील प्रत्येक विद्यार्थ्यास मोकळे असावेत. घरकामामुळे ज्या मुलींना पुस्तक घेऊन बसण्यास उसंत मिळत नाही, त्यांना याचा विशेष उपयोग होईल. अर्थात् तेवढ्यावर न थांबता त्यांच्या कामाचा भार हलका करणे, हेही आपले कर्तव्य आहे.

पहिल्याच वर्षी भाषेपायी नाउमेद होऊन एकही मूल परत येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.