हाडाचे कलम

मोडलेले हाड सांधते, ही गोष्ट गावोगावच्या हाडवैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बांबूच्या कांबी बांधून अवयव स्थिर ठेवावा. पुढचे काम निसर्गाचे. परंतु हाड मोडलेले नसून मुळात नाहीसेच झाले असेल, तर काय करावे?

१८७९ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत विल्यम मॅकिवेन या शल्यवैद्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. तीनचार वर्षांच्या एका मुलाच्या दंडाचे हाड पू होऊन कुजले होते व ते काढून टाकावे लागले होते. ते पुन्हा भरून येईल, ही आशा वर्ष उलटले तरी फळास आली नाही. हात खांद्याला नुसता लोंबत राहिला. असा निरुपयोगी हात कापून टाकणे, हाच त्या काळचा रूढ उपाय. मॅकिवेनने तो पत्करला नाही. नडग्या वाकलेल्या मुलांवर तो शस्त्रक्रिया करीत असे. वाक काढण्यासाठी नडगीतून हाडाची पाचर कापावी लागे, आणि ती एरवी टाकूनच दिली जाई. अशा पाचरींचे त्याने बारीक तुकडे केले. मुलाच्या दंडात हाडाचा मागमूस नव्हता. शरीररचनेच्या ज्ञानाखेरीज दुसरी वाट दाखविणारे काही नव्हते. स्नायूंच्या मधोमध खाच पाडून त्याने ते तुकडे तीत ठेवले. एकदा नव्हे, तीनदा. लिस्टरची जंतुनाशक पद्धती याच रुग्णालयात जन्मलेली होती. ती नसती तर सारे पुवात वाहून गेले असते. हाड तयार झाले, मुलाबरोबर वाढलेही. तीस वर्षांनंतर तो हात कामाचा होता.

या क्रियेला ‘कलम’ म्हणण्याचा मोह होतो, पण ती उपमा थोडी फसवी आहे. हापूसची फांदी रायवळ खुंटावर जिवंत राहते व स्वतःच फळते. हाडाच्या तुकड्यातील बहुतेक पेशी मात्र मरतात. मग त्याचा उपयोग काय? इमारतीला परांचीचा जो, तोच. भोवतालच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात. काही पेशी जुने हाड कुरतडून नेतात, तर दुसऱ्या पेशी त्याच जागी नवे हाड रचतात. फेमिस्टर या अमेरिकन शल्यवैद्याने १९१४ साली या प्रकाराला ‘सरपटत होणारी अदलाबदल’ अशा अर्थाचे नाव दिले. इथे गवंडी येण्यापूर्वी पाडकाम करणारे येतात. म्हणून बसविलेले कठीण हाड मधल्या काळात अधिकच कमकुवत होते, आणि त्याला पट्टीचा किंवा सळईचा आधार द्यावा लागतो. पोकळ, जाळीदार हाड त्या मानाने लवकर बदलते.

१९११ साली न्यूयॉर्कच्या आल्बीने क्षयाने पोखरलेल्या पाठीच्या कण्यात रुग्णाच्याच नडगीची पट्टी बसवून मणके एकत्र जखडले. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात कुबड रोखण्याचा हा मोठाच आधार ठरला. पुढे १९६५ साली युरिस्ट या संशोधकाने दाखविले की, खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड उगवते. म्हणजे हाडात बांधकामाच्या साहित्याबरोबर आज्ञाही साठविलेली असते.

दुसऱ्याचे हाड जंतुविरहित करून साठविणाऱ्या पेढ्याही निघाल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतिपेढी आहे. तेथे निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरण वापरतात. तरीही शल्यवैद्याची पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या हाडालाच असते, कारण त्यात जिवंत पेशी असतात आणि परकेपणाचा प्रश्न उद्भवत नाही. ते बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेवरून घेतात. जागा हाताशी, साठा भरपूर. किंमत मात्र रुग्णच मोजतो: पायाचे हाड सांधून तो चालू लागतो, आणि तपासणीस आला की पायाविषयी अवाक्षर न काढता कित्येकदा कमरेच्याच दुखण्याची तक्रार करतो.